वहीत न मावलेले यार्ड

४७,००३ यार्ड म्हणजे जवळजवळ ४३ किलोमीटर. पूर्ण मॅरेथॉन आणि वर पाऊण किलोमीटर. अमेरिकन फुटबॉलमधल्या फ्रान टार्केंटन या क्वार्टरबॅकने १९६१ ते १९७८ या अठरा हंगामांत निव्वळ पासांच्या बळावर आपल्या संघांना एवढं पुढे नेलं. चेंडू स्वतःच्या काखेत धरून धावत त्याने आणखी ३,६७४ यार्ड मिळवले. म्हणजे सव्वातीन किलोमीटरहून जास्त. तो निवृत्त झाला तेव्हा व्यावसायिक लीगच्या, म्हणजे एनएफएलच्या इतिहासात सर्वाधिक पास फेकणारा, सर्वाधिक पास पूर्ण करणारा, पासांतून सर्वाधिक यार्ड मिळवणारा, सर्वाधिक टचडाउन पास देणारा आणि धावून सर्वाधिक यार्ड काढणारा क्वार्टरबॅक हा एकच माणूस होता.

पाचही विक्रम एकाच्या नावावर. तरीही थोर क्वार्टरबॅकची चर्चा निघाली की जॉनी युनायटस, जो मॉन्टाना, पेटन मॅनिंग, टॉम ब्रेडी ही नावं पटापट येतात आणि टार्केंटनची आठवण कुणीतरी करून द्यावी लागते. हा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्याचं मूळ हिशेबाच्या पद्धतीत आहे. त्याने जे केलं त्यातलं बरंचसं कधी मोजलंच गेलं नाही. आणि जे मोजलं गेलं, त्यातल्या तीन सामन्यांनी बाकीचे अडीचशे झाकून टाकले.

हा खेळ फारसा न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. दोन गोलरेषांमधलं मैदान १०० यार्ड लांब आणि ५३ यार्डांहून किंचित जास्त रुंद असतं. चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकायचं. नाही जमलं तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे पोहोचला की टचडाउन. जवळपास प्रत्येक प्रयत्नात चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हाती येतो. तो काही पावलं मागे सरकतो आणि त्याचे पाच दांडगे साथीदार त्याच्याभोवती कोट उभा करतात. या कोटाच्या आतल्या जागेला ‘पॉकेट’ म्हणतात. त्यात पाय रोवून उभं राहायचं आणि अडीच-तीन सेकंदांत पास द्यायचा, हा १९६१ सालचा शिरस्ता होता. पॉकेट सोडून पळणारा क्वार्टरबॅक म्हणजे घाबरलेला किंवा शिस्त नसलेला, असं प्रशिक्षक उघड म्हणत.

पॉकेट ढोबळमानाने सहा मीटर रुंद आणि चार-पाच मीटर खोल धरलं, तर क्षेत्रफळ पंचवीस-तीस चौरस मीटर भरतं. मुंबईतलं एखादं वन रूम किचन एवढंच असतं. टार्केंटनने कामाची जागाच बदलली. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जवळपास ४९ मीटर आणि मागे पंधरा मीटर, असा सातशेहून जास्त चौरस मीटरचा पट्टा त्याने आपला मानला. त्याला पकडायला येणाऱ्यांना एकाएकी पंचवीसपट जागा राखावी लागली.

पकडायला येणारे तरी कोण? लॉस एंजेलिस रॅम्सच्या आघाडीत डीकन जोन्स, मर्लिन ओल्सन, रोझी ग्रियर आणि लमार लंडी असे चौघे होते. चौघांचं वजन मिळून अर्ध्या टनाच्या आसपास. टार्केंटन सहा फूट उंच आणि ८६ किलोचा. त्या काळच्या मानानेही साधारण अंगाचा. तो काही वाऱ्यासारखा वेगवानही नव्हता. त्याची ताकद होती अचानक थांबण्यात, उलटं फिरण्यात आणि धावताना नजर कायम पुढच्या साथीदारांवर ठेवण्यात.

यामागचा विचार पक्का होता. पास झेलणारा गडी कुठे वळणार आहे हे त्याला स्वतःला ठाऊक असतं, त्याच्यावर पहारा देणाऱ्याला नसतं. तीन सेकंद पहारेकरी त्याला चिकटून राहू शकतो. सहा-सात सेकंद राहणं जवळपास अशक्य आहे. त्यामुळे क्वार्टरबॅकने आडवंतिडवं पळून मिळवलेला प्रत्येक जादा सेकंद कुणाला तरी मोकळं करतो. शिवाय सव्वाशे किलोचा गडी दोनदा मैदान आडवं धावला की पुढच्या प्रयत्नाला त्याच्या पायांत तो जोर उरत नाही.

४ ऑक्टोबर १९६४. ग्रीन बे पॅकर्सच्या मैदानावर टार्केंटनचे मिनेसोटा व्हायकिंग्ज २१-२३ असे मागे. सामना संपत आलेला, चौथा म्हणजे अखेरचा प्रयत्न, आणि हवे आहेत २२ यार्ड. समोर प्रशिक्षक विन्स लोम्बार्डींनी घडवलेला संघ. शिरस्त्याप्रमाणे पॉकेटमध्ये उभं राहून एवढ्या लांबवर कुणी मोकळं होणं शक्य नव्हतं. टार्केंटन मागे गेला, बाजूला पळाला, वळला, पुन्हा पळाला आणि साथीदारांना लांब पोहोचायला वेळ मिळाल्यावर त्याने चेंडू फेकला. गॉर्डन स्मिथने तो झेलला. ४४ यार्ड मिळाले, मग फ्रेड कॉक्सने चेंडू खांबांमधून मारला आणि व्हायकिंग्ज २४-२३ जिंकले.

आता या प्रयत्नाची नोंद कशी झाली ते बघा. पास: ४४ यार्ड. धाव: शून्य. खेळाच्या नियमाने धाव तेव्हाच मोजतात, जेव्हा क्वार्टरबॅक चेंडू न फेकता, प्रयत्न जिथून सुरू झाला ती रेषा ओलांडून पुढे जातो; आणि तेव्हाही फक्त त्या रेषेपासून पुढचं सरळ अंतर धरतात. मागे, डावीकडे, उजवीकडे जे तो पळाला, ज्याच्यामुळे तो पास शक्य झाला, त्याला वहीत रकानाच नाही. टार्केंटनने कारकिर्दीत ६,४६७ पास फेकले आणि ६७५ वेळा चेंडू घेऊन धावला. म्हणजे साधारण साडेनऊ पासांमागे एक धाव. तो पळायचा तो मुख्यतः फेकण्यासाठीच. त्यामुळे त्याचं खरं पळणं ‘धाव’ या सदरात आलंच नाही. ३,६७४ यार्ड हा आकडा त्याच्या पायांच्या कामाचा फक्त एक तुकडा आहे. आज खेळाडूंच्या खांद्यावरच्या संरक्षक पॅडमध्ये चिप बसवलेली असते आणि ती सेकंदाला दहा वेळा त्यांची जागा टिपते. त्याच्या काळात ते असतं, तर त्याच्या नावापुढचे आकडे वेगळेच दिसले असते.

विरोध घरातूनच होता. व्हायकिंग्जचे पहिले प्रशिक्षक नॉर्म व्हॅन ब्रॉकलिन हे स्वतः पॉकेटमधले नामांकित क्वार्टरबॅक. १९५१ साली एका सामन्यात ५५४ यार्डांचे पास देण्याचा त्यांचा विक्रम अजून अबाधित आहे. त्यांना हे पळणं कधी रुचलं नाही. खरं तर १७ सप्टेंबर १९६१ रोजी, नवजात व्हायकिंग्जच्या पहिल्याच सामन्यात, एकवीस वर्षांच्या या पोराने राखीव खेळाडू म्हणून मैदानात उतरून शिकागो बेअर्सविरुद्ध चार टचडाउन पास दिले होते, पाचवा टचडाउन धावून केला होता आणि ३७-१३ असा विजय मिळवून दिला होता. तरी प्रशिक्षक आणि खेळाडूचं पटलं नाही. संघही नवखा होता. पहिल्या सहा हंगामांतल्या ८४ सामन्यांत २९ विजय, ५१ पराभव आणि ४ बरोबरी.

१९६७ मध्ये त्याला न्यूयॉर्क जायंट्सकडे पाठवण्यात आलं. बदल्यात मिनेसोटाला नवे खेळाडू निवडण्याचे चार हक्क मिळाले. त्यातल्या एका हक्काने रॉन यारी हा पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेलेला राखणदार संघात आला. १९७२ मध्ये टार्केंटन परतला आणि त्याच यारीच्या आडोशाने खेळू लागला. १९७३ ते १९७६ या चार हंगामांत व्हायकिंग्जने ५६ पैकी ४५ सामने जिंकले, फक्त १० हरले आणि एक बरोबरीत सुटला. १९७५ चा सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याच्याकडे आला.

पळणारा क्वार्टरबॅक फार टिकत नाही, असं तेव्हा छातीठोकपणे सांगितलं जाई. त्याच्या संघांनी अठरा नियमित हंगामांत मिळून २५४ सामने खेळले. त्यातले २४६ तो खेळला. चुकलेल्या आठपैकी पाच एकाच हंगामातले, १९७७ मध्ये पाय मोडला तेव्हाचे. त्या मोडलेल्या पायानिशी तो पुढच्या वर्षी परतला आणि वयाच्या ३८ व्या वर्षी पासांतून मिळवलेल्या यार्डांत संबंध लीगमध्ये पहिला आला.

४७,००३ हा आकडा आज ब्रेडीच्या ८९,२१४ शेजारी ठेवला की लहान वाटतो. पण ब्रेडीने सामन्यामागे साधारण ३६ पास फेकले, टार्केंटनने २६. टार्केंटनच्या जवळजवळ सगळ्या कारकिर्दीत हंगाम १४ सामन्यांचा होता आणि पास झेलायला निघालेल्याला बचावपटू वाटेत कुठेही अडवू, ढकलू शकत. १९७८ मध्ये ही मुभा पहिल्या पाच यार्डांपुरती उरली आणि पासांचं युग खऱ्या अर्थाने सुरू झालं. टार्केंटनच्या वाट्याला त्या युगातला एकच हंगाम आला. न्याय्य तुलना समकालीनांशीच होते. तेव्हाचा थोरांतला थोर मानला गेलेला युनायटस ४०,२३९ यार्ड आणि २९० टचडाउन पासांवर थांबला. टार्केंटन ३४२ टचडाउन पासांपर्यंत गेला. टचडाउन पासांचा विक्रम त्याच्याकडे १९७५ ते १९९५ अशी वीस वर्षं राहिला. डॅन मरीनोने तो मोडला तेव्हा नियम, हंगाम आणि डावपेच सगळंच बदललं होतं.

मग त्याचं नाव मागे का पडलं? तीन सामन्यांमुळे. जानेवारी १९७४, १९७५ आणि १९७७: तीन सुपर बोल, म्हणजे लीगच्या अंतिम लढती, आणि तिन्हींत पराभव. प्ले-ऑफ धरून तो एकूण २५७ सामने खेळला, त्यातले हे तीन. सव्वा टक्काही नाही. या तीन लढतींत तो चांगला खेळला असं मी म्हणणार नाही. सहा इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनी मधेच पकडलेले पास, त्याच्या नावावर आहेत. पण दुसरा आकडाही बघायला हवा. या तीन सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांनी धावून मिळून ७११ यार्ड काढले, व्हायकिंग्जनी १६०. पिट्सबर्गविरुद्ध तर संबंध संघाला धावून मिळाले अवघे १७ यार्ड. मायामीविरुद्ध संघाचा एकमेव टचडाउन टार्केंटनने स्वतः धावून केला, आणि त्याच सामन्यात समोरच्या बॉब ग्रीसीला विजेता व्हायला फक्त सात पास पुरले. मैदानाच्या मध्यभागी दोन्ही बाजूंनी मार खाल्लेल्या संघाचा हा हिशेब आहे, तो एकट्या क्वार्टरबॅकच्या खात्यावर मांडला गेला.

चौथी संधी एका चेंडूने हिरावली. २८ डिसेंबर १९७५, डॅलसविरुद्ध प्ले-ऑफ. व्हायकिंग्ज १४-१० असे पुढे, मिनिटाहून कमी वेळ बाकी. रॉजर स्टॉबॅकने सुमारे मैदानाच्या मध्यापासून लांबच लांब पास फेकला, ड्र्यू पिअर्सनने झेलला, ५० यार्डांचा टचडाउन झाला आणि १७-१४ ने सगळं संपलं. तो सामना जॉर्जियात घरी टीव्हीवर बघताना टार्केंटनच्या वडिलांचं हृदयविकाराने निधन झालं. एवढं सोसून तो पुढच्याच हंगामात संघाला पुन्हा सुपर बोलपर्यंत घेऊन गेला.

या एकांगी मोजमापाचा सगळ्यात बोलका दाखला हॉल ऑफ फेमचा आहे. निवृत्तीनंतर पाच वर्षांनी, १९८४ पासून टार्केंटन पात्र होता. त्याला प्रवेश मिळाला १९८६ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी, १९८५ मध्ये, दोन क्वार्टरबॅक आत गेले होते: जो नेमॅथ आणि रॉजर स्टॉबॅक. नेमॅथचे टचडाउन पास १७३, स्टॉबॅकचे १५३. दोघांची बेरीज ३२६. एकट्या टार्केंटनचे ३४२. स्टॉबॅकची सुरुवातीची वर्षं नौदलाच्या सेवेत गेली हे खरं, आणि दोघेही मानाचे मानकरी होते यात वाद नाही. पण त्यांच्याकडे सुपर बोलचं विजेतेपद होतं आणि टार्केंटनकडे नव्हतं, हा एक फरक बाकीच्या सगळ्या आकड्यांना भारी पडला, यातही वाद नाही.

त्याने दाखवलेली वाट सगळ्यांना सारखी खुली नव्हती, हेही सांगायला हवं. १९६८ मध्ये डेन्व्हरच्या मार्लिन ब्रिस्को या कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकने पहिल्याच हंगामात, असंच पळत-वळत, १४ टचडाउन पास दिले. पुढच्या वर्षी त्याला त्या जागेवर संधीच मिळाली नाही. उरलेली कारकीर्द त्याने पास झेलणारा म्हणून काढली, आणि टार्केंटनला त्याच्या पहिल्या सुपर बोलमध्ये हरवणाऱ्या मायामी संघात ब्रिस्को होता. पळणारा क्वार्टरबॅक जिंकून देतो हे टार्केंटनने सिद्ध केल्यावरही ब्रिस्कोसारख्यांना ते करून दाखवायला कित्येक वर्षं थांबवलं गेलं. रँडल कनिंगहॅमने १९९२ मध्ये टार्केंटनचा धावांचा विक्रम मागे टाकला. मग मायकल व्हिक आला, आणि २०२४ मध्ये लमार जॅक्सनने व्हिकलाही मागे टाकलं. पॅट्रिक माहोम्स पॉकेटबाहेर पळत पळत पास देतो तेव्हा समालोचक त्याला प्रतिभा म्हणतात. साठ वर्षांपूर्वी नेमक्या याच गोष्टीला बेशिस्त म्हणत होते.

विजेतेपद हा संघाचा मान आहे आणि तो टार्केंटनला मिळाला नाही, ते कबूलच. पण खेळाडू म्हणून त्याने काय केलं हे विचारायचं असेल, तर उत्तर अठरा हंगाम, २५७ सामने आणि पाच विक्रमांत आहे, आणि आज शाळेच्या मैदानापासून सुपर बोलपर्यंत क्वार्टरबॅकचं काम ज्या तऱ्हेने शिकवलं जातं त्यातही आहे. एनएफएलच्या पहिल्या साठ वर्षांतला सर्वश्रेष्ठ क्वार्टरबॅक कोण, या प्रश्नाला युनायटस हे एकच नाव देणं आता पुरे. युनायटस आणि टार्केंटन ही दोन नावं एका दमात घेतली गेली पाहिजेत.