हरताळ: पोथीतला आणि प्रयोगशाळेतला

पेणच्या आमच्या जुन्या घरी माळ्यावर आजोबांच्या पोथ्या लाल रुमालात बांधून ठेवलेल्या असत. बोरूने लिहिलेल्या त्या पानांवर मध्येच दोन-चार अक्षरांच्या जागी पिवळा पट्टा दिसे. मला वाटायचं, हळद सांडली. थुंकी लावून पान उलटायला गेलो की आजी हातावर चापट मारायची. ‘अरे, हरताळ आहे तो! विष आहे!’

पुढे मी केमिस्ट झालो. पेणहून गाडी पकडून रोह्याला, तिथून धाटावच्या एमआयडीसीत, अशी तीस वर्षं क्यूसीत, म्हणजे मालाचा दर्जा तपासण्यात काढली. तेव्हा कळलं, आजी बरोबर होती.

हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचं पिवळं खनिज. दोन अणू आर्सेनिकचे, तीन गंधकाचे. याच दोघांपासून बनलेला त्याचा नारिंगी-तांबडा भाऊ मनशीळ. हरताळ हवेत भाजला की गंधकाचा वायू निघून जातो आणि पांढरा सोमल हाती लागतो. त्याला ना चव ना वास, म्हणून विषप्रयोगांच्या इतिहासात बदनाम झाला तो हाच. गंमत म्हणजे ‘आर्सेनिक’ हे नावही मुळात हरताळाचंच. फारसीत सोन्याला ‘जर’ म्हणतात. त्यावरून आलेला हरताळवाचक ‘जरनीख’ ग्रीकांकडे जाऊन ‘आर्सेनिकॉन’ झाला.

जुने लेखनिक हरताळ घोटून चुकलेल्या अक्षरांवर फासत आणि वाळल्यावर त्यावरच बरोबर अक्षर लिहीत. विषारी असल्यामुळे कसरही लांब राही. ‘तत्त्वाला हरताळ फासला’ असं आपण म्हणतो ते यावरून. बाजार बंद ठेवण्याचा हरताळ मात्र वेगळा. तो हाट आणि टाळं यांतून गुजरातीमार्गे आला आणि 6 एप्रिल 1919 रोजी रौलट कायद्याविरुद्धच्या बंदमुळे देशभर पोचला. हरतालिकेचा तर दोन्हींशी संबंध नाही. तिच्या नावात पार्वतीला पळवून नेणारी ‘आलि’, म्हणजे मैत्रीण आहे. आमच्या पेणला हरतालिकेचा दिवस मूर्तींच्या कारखान्यांतल्या उरल्यासुरल्या गणपतींची पाठवणी करण्याचा, त्यामुळे शब्दांची फोड करायला कोणाला सवड नसते.

ओडिशाच्या पटचित्रांतला पारंपरिक पिवळा रंग हरताळाचा. चुन्यात मिसळून केस काढायला हरताळ वापरत. वैद्य त्याचं शोधन करून रसमाणिक्य बनवतात. सोमल आज एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिला जातो, आणि गॅलियमशी जोडी जमवलेलं आर्सेनिक आपल्या मोबाइलच्या चिपमध्ये बसलेलं असतं.

धाटावला माझं काम उलट होतं: आर्सेनिक नाही ना, हे बघायचं. मालाचा नमुना बाटलीत घ्यायचा, त्यात आम्ल आणि जस्त टाकायचं. बुडबुडे सुटतात. आर्सेनिक असेल तर ते आर्सिन वायू होऊन वर चढतं. वाटेत लेड ॲसिटेटचा कापूस गंधकाचा वायू अडवतो, आणि वरच्या टोकाला मर्क्युरिक क्लोराइडचा पांढरा कागद वाट बघत असतो. चाळीस मिनिटांनी कागद काढायचा. आर्सेनिक असलं तर त्यावर पिवळा डाग. हा डाग हरताळाचा नव्हे, पाऱ्याच्या संयुगाचा. पण मला दरवेळी आजोबांची पोथी आठवायची. शेजारी ठरलेल्या मात्रेचा दुसरा डाग ठेवायचा. आपला त्याहून गडद दिसला, तर माल नापास. पिण्याच्या पाण्यात तर लिटरमागे 0.01 मिलिग्रॅमच आर्सेनिक चालतं.

एकदा माझा डाग गडद आला. वरून निरोप आला, ‘पुन्हा करा.’ पुन्हा केलं, तिसऱ्यांदाही केलं. डाग तोच. माल परत गेला.

असा डाग उजेडात फिका पडत जातो, म्हणून निकाल लगेच वहीत उतरवायचा. लिहिताना चुकलं तर एकच रेघ मारायची, शेजारी सही आणि तारीख. खालचं अक्षर वाचता आलंच पाहिजे. नवीन पोरं टेबलावर व्हाइटनरची बाटली घेऊन बसली की मी ती उचलून खणात ठेवायचो. म्हणायचो, ‘बाबांनो, इथे हरताळ चालत नाही.’