निम्मं बिल सरकारचं

टाटांची इंडिका आपल्याकडे टॅक्सीवाल्यांनी घराघरांत पोचवली. तिच्याच पुढच्या पिढीतली व्हिस्टा, इंजिन काढून पोटात बॅटरी बसवलेली, २०१०-११च्या सुमारास इंग्लंडात कॉव्हेन्ट्री आणि बर्मिंगहॅमच्या रस्त्यांवर धावत होती. विकायला नव्हे, चाचणीला. गाडी कधी निघाली, किती चालली, कधी प्लगला लागली याची नोंद आपोआप होत होती आणि ती नोंद पुढे विद्यापीठातल्या अभ्यासकांकडे जात होती. सोबतीला मित्सुबिशीच्या छोट्या गाड्या होत्या, स्मार्ट होत्या, लँड रोव्हर होती. ही सगळी मंडळी एरवी एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणारी. इथे मात्र एकाच पंगतीला बसलेली. 'केबल्ड' नावाच्या या प्रयोगासारखे आठ गट देशभर काम करत होते. सगळ्या मिळून साडेतीनशेच्या आसपास गाड्या, आणि सरकारी मदत अडीच कोटी पौंडांची.

निष्कर्ष साधा निघाला. लोकांना वाटतं त्यापेक्षा ते रोज फारच कमी गाडी चालवतात, आणि वाटेत बॅटरी संपेल ही धास्ती गाडी वापरायला लागल्यावर काही महिन्यांत ओसरते. आज हे कुणीही सांगेल. पण तेव्हा ते मोजून सांगणारं कुणी नव्हतं, आणि एकट्या कंपनीने मोजलं असतं तर आकडे तिच्याच कपाटात राहिले असते. गाड्या कंपन्यांच्या, रस्ता गावाचा आणि खर्चातला वाटा सरकारचा, अशी मोट बांधणाऱ्या संस्थेचं नाव होतं टेक्नॉलॉजी स्ट्रॅटेजी बोर्ड. आज तिला इनोव्हेट यूके म्हणतात.

जन्म २००४चा. व्यापार आणि उद्योग खात्याच्या पोटातलं एक सल्लागार मंडळ, एवढीच सुरुवातीची ओळख. सदस्य बहुतेक उद्योगांतले. कोणत्या तंत्रज्ञानावर सरकारने पैसा लावावा हे त्यांनी सांगायचं. अशी मंडळं कुठल्याही देशात मुबलक असतात. सल्ला द्यायला तिजोरी लागत नाही आणि तो ऐकायला कुणी बांधील नसतं. या मंडळाचं वेगळेपण असं की तीन वर्षांत त्याच्या हातात किल्ली आली. जुलै २००७मध्ये ते खात्याबाहेर पडलं, स्वतःचं अंदाजपत्रक घेऊन लंडनपासून लांब स्विंडनला गेलं. पहिले मुख्याधिकारी इयन ग्रे हे सनदी अधिकारी नव्हते, एअरबसच्या ब्रिटिश शाखेचे प्रमुख होते.

स्विंडन हे रेल्वेचं गाव. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा कारखाना तिथे १८४३ ते १९८६ चालला. आपल्या परळच्या वर्कशॉपची मोठी बहीण म्हणा. कारखाना बंद पडला त्याच वर्षी सरकारने छोट्या कंपन्यांच्या संशोधनासाठी 'स्मार्ट' नावाची बक्षीस योजना सुरू केली होती. ती योजना फिरतफिरत पुढे याच मंडळाच्या, म्हणजे याच गावाच्या पदरात आली. योगायोगच, पण ब्रिटनच्या औद्योगिक इतिहासात असले योगायोग फार सापडतात.

या सगळ्यामागे एक जुनं शल्य आहे. पेनिसिलिन सापडलं लंडनमध्ये १९२८ साली, औषध म्हणून सिद्ध झालं ऑक्सफर्डमध्ये, आणि युद्धकाळात ते पिंपाने बनवण्याची युक्ती साधली अमेरिकेत. युद्धानंतर ब्रिटिश कंपन्यांना त्या पद्धतीसाठी अमेरिकेला स्वामित्वधन मोजावं लागलं. ही गोष्ट ब्रिटिश संसदेत इतकी उगाळली गेली की १९४८ साली कायदाच झाला आणि नॅशनल रिसर्च डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन उभं राहिलं. पाण्यावरून आणि जमिनीवरून सारखंच सरकणारं हॉवरक्राफ्ट त्याच्या पैशाने तयार झालं आणि १९५९मध्ये इंग्लिश खाडी ओलांडून गेलं. त्याचा धंदा मात्र कधी मोठा झाला नाही. खरी कमाई करून दिली सेफॅलोस्पोरिन या प्रतिजैविकाच्या पेटंटांनी, ज्याची छायाचित्रं कुणी काढली नाहीत. भारतानेही १९५३ साली याच नावाचं महामंडळ काढलं. ते अजून चालू आहे. ब्रिटनमधलं मात्र दुसऱ्या एका मंडळात विलीन होऊन १९९२मध्ये विकलं गेलं. म्हणजे २००४मध्ये जे सुरू झालं ते नवं नव्हतं. 'आम्ही शोधतो आणि दुसरे कमावतात' या रडगाण्यावरचा तो आणखी एक काढा होता.

काढ्याची कृती मात्र बघण्यासारखी आहे. सरकार विषय जाहीर करतं, कंपन्या ऑनलाइन अर्ज करतात. अर्जात साधारण दहा प्रश्न, प्रत्येकाला दहा गुण, प्रत्येक उत्तराला चारशे शब्दांची मर्यादा. शेवटच्या दिवशी सकाळी अकराला खिडकी बंद. अकरा वाजून एक मिनिटाने आलेल्या नोबेलविजेत्यालाही दार उघडत नाही. अडचण कोणती, तुमचं उत्तर इतरांहून वेगळं कसं, बाजार किती मोठा, माणसं कोण, धोके काय, असे प्रश्न. त्यातला एक फार मार्मिक आहे: सरकारी पैसा मिळाला नाही तर या प्रकल्पाचं काय होईल? 'तरीही करू' म्हणावं तर मग पैसे कशाला द्यायचे. 'बंद पडेल' म्हणावं तर एवढ्या लेच्यापेच्या कंपनीवर भरवसा कोण ठेवणार. खरं उत्तर बहुधा मधलं असतं: करू, पण तीन वर्षं उशिरा, आणि तोवर कोरियातलं कुणीतरी पुढे गेलेलं असेल. हे चारशे शब्दांत पटवून देणं ही एक कला आहे, आणि ती विकणारे सल्लागार आता तिथे गल्लोगल्ली आहेत. मंजूर रकमेतला टक्का हीच त्यांच्यातल्या अनेकांची फी. ज्या कंपनीकडे तो द्यायची ऐपत नाही, तिचा अर्ज इंजिनिअरने रात्री जागून लिहिलेला असतो आणि तसाच वाचला जातो.

गुण देणारे सरकारी नोकर नसतात. उद्योगांतली आणि विद्यापीठांतली बाहेरची माणसं असतात आणि प्रत्येक जण आपापले गुण स्वतंत्रपणे देतो. पैसे मिळतात तेही सरसकट नाही. संशोधनाच्या टप्प्यात छोट्या कंपनीला खर्चाच्या सत्तर टक्क्यांपर्यंत, मोठीला पन्नासपर्यंत. वस्तू बाजाराच्या जवळ आली की हात आखडता होतो: छोटीला पंचेचाळीस, मोठीला फक्त पंचवीस. उरलेलं आपलं आपण घालायचं. आणि मुख्य म्हणजे आधी खर्च करायचा, मग मागायचा. दर तीन महिन्यांनी पगारपत्रकं, बिलं, कुणी किती दिवस काम केलं याचे तक्ते द्यायचे. देखरेख अधिकारी येऊन बघणार आणि मग बँकेत पैसे येणार.

या पद्धतीला नवउद्योजक शिव्या घालतात. हातात रोकड नसलेल्याला तीन महिन्यांची उधारी म्हणजे गळफासच. २०२०च्या एप्रिलमध्ये कोरोनाने सगळं ठप्प झालं तेव्हा सरकारने संशोधन करणाऱ्या कंपन्यांसाठी याच संस्थेमार्फत ७५ कोटी पौंड जाहीर केले आणि आधीच्या प्रकल्पांचे हप्तेही लवकर सोडले. नव्या कल्पनांसाठी घाईघाईने काढलेल्या एका स्पर्धेला आठ हजारांहून अधिक अर्ज आले. आठशेहून अधिक मंजूर झाले. तरी मला ही चिकट पद्धत बरी वाटते. बक्षीस म्हणून दिलेला पैसा भाषणं करणाऱ्याकडे जातो. बिलामागे दिलेला पैसा निदान काम करणाऱ्याकडे जातो. काम फसलं तरी चालेल. फसण्यासाठीच तर निम्मा वाटा उचलला आहे. पण फसण्याची पावती हवी.

संस्थेच्या दुकानातला मला सर्वांत आवडणारा माल तिच्याहूनही जुना आहे. १९७५ साली 'टीचिंग कंपनी' नावाची योजना निघाली. वैद्यकीय विद्यार्थी जसा इस्पितळातच शिकतो तसा इंजिनिअर कारखान्यात शिकावा, ही कल्पना. २००३पासून तिचं नाव नॉलेज ट्रान्सफर पार्टनरशिप. नुकता पदवीधर झालेला मुलगा किंवा मुलगी एक ते तीन वर्षं कंपनीत बसते, एकच ठरलेला प्रश्न सोडवते आणि विद्यापीठातला प्राध्यापक आठवड्यातून अर्धा दिवस तिच्यासोबत असतो. छोट्या कंपनीने साधारण एक तृतीयांश खर्च उचलायचा, बाकी अनुदान. बिस्किटांच्या भट्टीपासून शस्त्रक्रियेच्या हत्यारांपर्यंत कशालाही हे लागू पडतं. या योजनेचं उद्घाटन करायला मंत्री धावत नाहीत, फीत कापायला काही नसतंच. कदाचित म्हणूनच ती पन्नास वर्षं टिकली. आपल्याकडे इंजिनिअरिंग कॉलेजचा प्राध्यापक भोसरीच्या एमआयडीसीत दर आठवड्याला ठरून जातो, असं चित्र अपवादानेच दिसतं.

मंत्र्यांना हवं असतं ते भव्य काहीतरी, आणि तेही मिळालं. एकॉर्न कॉम्प्युटर्सचे एक संस्थापक हर्मन हाउजर यांनी मार्च २०१०मध्ये अहवाल दिला: जर्मनीत फ्राउनहोफर संस्था प्रयोगशाळा आणि कारखाना यांच्यामधला पूल बांधतात, आपल्याकडे तो नाही. त्याच वर्षी डेव्हिड कॅमरन यांनी वीस कोटी पौंड जाहीर केले, आणि 'कॅटापुल्ट' नावाची केंद्रं उभी राहायला लागली. ब्लाइथ या उत्तरेकडच्या बंदरात पवनचक्कीची पाती वाकवून, झुलवून, थकवून बघतात. १०७ मीटर लांबीचं पातं, म्हणजे फुटबॉलच्या मैदानाएवढं, तिथे तपासलं गेलं. शेफील्डला धातूकाम, ब्रिस्टलला कंपोझिट, कॉव्हेन्ट्रीजवळ यंत्रनिर्मिती. वॉरिक विद्यापीठातली कुमार भट्टाचार्य यांनी १९८०मध्ये सुरू केलेली संस्था याच साखळीतली, आणि टाटा मोटर्सने आपलं युरोपातलं तंत्रकेंद्र तिच्याच अंगणात थाटलं. कोरोनाच्या पहिल्या लाटेत व्हेंटिलेटर बनवायला विमान आणि मोटारकंपन्या एकत्र आणल्या त्या उत्पादनाच्या कॅटापुल्टचे प्रमुख डिक एल्सी यांनी. बारा आठवड्यांत १३,४३७ यंत्रं तयार झाली. सगळीच केंद्रं अशी नाहीत. शहरांचं आणि वाहतुकीचं अशी दोन वेगळी काढली होती, ती २०१९मध्ये एकत्र करावी लागली.

मधल्या काळात मूळ संस्थेची पाटी बदलत होती. २०१४मध्ये इनोव्हेट यूके हे नाव आलं. पुढच्याच वर्षी अर्थखात्याला वाटलं, अनुदानं कशाला, कर्जं द्या, १६.५ कोटी पौंडांची अनुदानं टप्प्याटप्प्याने अशी बदलायचा बेत जाहीर झाला. ज्याचं उत्पन्न शून्य आणि तारण म्हणून एक कल्पना, त्याला कर्ज देणं म्हणजे काय हे कुठलाही पतसंस्थेचा मॅनेजर सांगेल. कर्जाची योजना आली, पण अनुदानं संपली नाहीत. २०१७च्या कायद्याने सात संशोधन परिषदा, रिसर्च इंग्लंड आणि इनोव्हेट यूके अशा नऊ जणांना एका छत्राखाली आणलं, आणि एप्रिल २०१८पासून ही संस्था पुन्हा एक 'परिषद' झाली. सल्ला देणारी नव्हे, वाटणारी.

वाटणाऱ्याचे हात लोक बघतातच. २०१६मध्ये संस्थेला स्वतःच्या कागदांतून दिसलं की सात अर्जांत एकच बाईचा. म्हणून स्त्री-उद्योजकांसाठी वेगळी बक्षिसं सुरू झाली. २०२४मध्ये प्रत्येकी ७५ हजार पौंडांची पन्नासपर्यंत बक्षिसं देणार असं जाहीर केलं, हजारांवर बायकांनी अर्ज लिहिले आणि निकालात नावं निघाली पंचवीस. 'पन्नासपर्यंत' याचा अर्थ पंचवीसही होतो, हे व्याकरणाने बरोबर होतं. पण ज्यांनी आपला चालता धंदा सोडून आठवडेच्या आठवडे त्या चारशे-चारशे शब्दांवर घालवले, त्या गप्प बसणार नव्हत्या. त्यांनी उघड पत्रं लिहिली, खासदार गाठले आणि संस्थेला माघार घेऊन उरलेली पंचवीसही द्यावी लागली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, जानेवारी २०२५मध्ये, कोणत्याही विषयाला खुली असलेली स्मार्ट अनुदानंही थांबवली गेली. शंभर अर्जांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निवडायचे आणि बाकीच्यांचे श्रम मातीत, हे गणित आधीच अवघड झालं होतं.

महाराष्ट्रात २०१८च्या धोरणापासून राज्य नाविन्यता सोसायटी काम करते. तिच्या स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या चोवीस कंपन्यांना अनुदान नव्हे तर सरकारी खात्याकडून पंधरा लाखांपर्यंतचं काम मिळत आलं आहे. स्विंडनकडेही अशी योजना आहे: खात्याने आपली अडचण मांडायची, कंपनीने उत्तर बनवायचं आणि खात्याने पूर्ण खर्च द्यायचा. तिथे मात्र तो पैसा उत्तर शोधण्याचा आणि नमुना बनवण्याचा असतो. पुढची खरेदी खात्याच्या मर्जीवर, आणि ब्रिटिश कंपन्यांची जुनी तक्रार नेमकी त्याबद्दल आहे: नमुना सगळ्यांना आवडतो, ऑर्डर कुणी देत नाही. आपल्याकडे ऑर्डर आधी मिळते. तिचं बिल कधी निघतं, हे त्या चोवीस जणांना विचारावं.