कर्ज, श्रम आणि आर्थिक प्रेरणा : प्राचीन रोम व ठाणे जिल्ह्यातील लग्नगडी पद्धत

प्रास्ताविक

गुलामगिरीचा विचार बहुधा क्रौर्याच्या अंगाने केला जातो. तथापि तिला आर्थिक बाजूही आहे. ज्याला वेतन नाही, त्याने मन लावून काम का करावे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाची दोन भिन्न समाजांतील उत्तरे तपासली आहेत.

रोममधील व्यवस्था

रोमन मालकांनी भय व आशा ही दोन्ही साधने वापरली. खाणीतील अंगमेहनतीवर देखरेख सोपी असल्याने तेथे भय पुरेसे ठरे. हिशेब, व्यापार, कारागिरी यांत मात्र विश्वास आवश्यक होता. अशा गुलामांना ‘पेकुलियम’ म्हणजे स्वतंत्र पुंजी बाळगू देत. कायद्याने ती मालकाचीच असे. परंतु तिच्यातून मुक्ती मिळविता येई. व्हॅरोने शेतीवरील ग्रंथात मुकादम गुलामांना अशी पुंजी द्यावी, असे सुचविले आहे. कर्जापोटी नागरिकालाच बांधून घेणारी ‘नेक्सम’ प्रथा, लिव्हीच्या मते, इ.स.पू. 326 मध्ये रद्द झाली.

लग्नगडी

‘नेक्सम’शी साम्य असलेली प्रथा ठाणे जिल्ह्यात विसाव्या शतकातही होती. वारली तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घेई व ते फिटेपर्यंत ‘लग्नगडी’ म्हणून राबे. पत्नीलाही राबावे लागे. हिशेब जमीनदाराच्या हाती असल्याने कर्ज सहसा फिटत नसे. अधिक श्रमाने मुक्ती जवळ येत नसल्याने प्रेरणाच उरली नाही. उरला तो धाक. मे 1945 मध्ये झरी येथे किसान सभेच्या परिषदेत गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ नाकारली. त्यानंतर त्यांनी गवतकापणीच्या मजुरीसाठी संप केला. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाडा येथे पोलीस गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले.

निष्कर्ष

रोमन गुलामाची पुंजी निदान त्याच्या स्वतःच्या हाती वाढत होती. लग्नगड्याचे कर्ज दुसऱ्याच्या वहीत वाढत होते. हा फरक निर्णायक आहे. वेठबिगार निर्मूलन कायद्याने 1976 मध्ये असे कर्ज रद्दबातल ठरविले. परंतु कर्जाची गरज कायद्याने संपत नाही. आजही वीटभट्ट्यांवरील अनेक कातकरी कुटुंबे ‘उचल’ घेऊन हंगाम सुरू करतात. म्हणून वेठीची कसोटी कर्जाच्या रकमेइतकीच, वही कोणाच्या हाती आहे, यावरही घ्यावी लागेल.