‘टॉनिकच मारलं होतं, डॉक्टर!’

नोव्हेंबरमधली दुपार. ओपीडी आवरत आली होती. तेवढ्यात तिशीतल्या एका तरुणाला त्याचा भाऊ धरून घेऊन आला. अंग घामाने निथळत होते, तोंडातून लाळ गळत होती, मांडीचे स्नायू आपोआप थरथरत होते. डोळ्यांत टॉर्च मारला, तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. विचारले, “बागेत औषध मारलं का?” तरुण मान हलवत म्हणाला, “औषध नाही साहेब, टॉनिकच मारलं होतं.”

तो खोटे बोलत नव्हता. सकाळी त्याने ड्रममध्ये जस्त आणि बोरॉनची पुडी ओतली होती, आणि ‘एका फवाऱ्यात दोन कामं’ म्हणून त्याच ड्रममध्ये पिठ्या ढेकणासाठी ऑर्गॅनोफॉस्फरस गटातले कीटकनाशकही. मनात नाव टॉनिकचेच राहिले. त्यामुळे ना हातमोजे, ना मास्क, अंगात घामाने भिजलेला सुती शर्ट. अ‍ॅट्रोपिनच्या इंजेक्शनांनी तो वाचला. वॉर्डात बसता-बोलता झाल्यावर त्याने मला विचारले, “पण डॉक्टर, पानावर टॉनिक मारावं की नाही?”

द्राक्षपट्ट्यातल्या सरकारी रुग्णालयात इतकी वर्षे काढल्यावर असे प्रश्न टाळता येत नाहीत. उत्तर शोधायला मी बागेत गेलो, कृषीतज्ज्ञांशी बोललो, थोडे वाचले. आणि लक्षात आले की वेलीच्या टॉनिकची गोष्ट माझ्या ओपीडीतल्या टॉनिकपेक्षा फार वेगळी नाही.

पानाला तोंड नसते

झाड जेवते ते मुळांनी. पानाचे काम अन्न तयार करण्याचे; बाहेरून काही आत घेण्यासाठी ते घडलेलेच नाही. उलट पाणी बाहेर जाऊ नये म्हणून पानावर मेणाचा पातळ थर असतो. आपल्या त्वचेवरच्या मृत पेशींच्या थरासारखाच तो राखणदार. तरी या थरात अतिसूक्ष्म वाटा असतात. पाण्यात विरघळलेले क्षार त्यांतून हळूहळू आत झिरपतात. द्राक्षाच्या पानाची श्वासरंध्रे फक्त खालच्या बाजूला असतात. म्हणून फवारा वरवर उडवून भागत नाही, पानाच्या पाठीलाही पोचावा लागतो. कोवळ्या पानाचा मेणथर पातळ, त्यामुळे ते जास्त शोषते; जून पान कमी.

थेंब पानावर ओला आहे तोवरच हे झिरपणे चालते. भर उन्हात फवारले की पाणी उडून जाते, क्षार पानावर साचतात आणि कडा करपतात. म्हणून सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर फवारायचे. संध्याकाळी फार उशीरही नको, कारण रात्रभर ओले राहिलेले पान म्हणजे डाऊनीला आमंत्रण.

सलाइन आणि भाकरी

माझ्याकडे येणारे अर्धे थकलेले रुग्ण म्हणतात, “एक सलाइन लावा, ताकद येईल.” मी त्यांना हिशेब सांगतो. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर असते 25 ग्रॅम, म्हणजे शंभरच्या आत कॅलरी. एका भाकरीत याहून जास्त असतात.

असाच हिशेब बागेचा करून पाहा. समजा 0:52:34 हे विद्राव्य खत लिटरला 5 ग्रॅम घेतले आणि एकराला 400 लिटर पाणी लागले. एकूण खत 2 किलो. त्यात पालाश 34 टक्के, म्हणजे 680 ग्रॅम. ते सगळेच्या सगळे पानात गेले असे धरले, तरी एक टन द्राक्षे बागेतून साधारण तीन किलो पालाश घेऊन जातात. दहा टन माल निघणार असेल तर गरज पंचवीस-तीस किलोंची. ती 680 ग्रॅमच्या फवाऱ्याने कशी भागणार? नत्र, स्फुरद, पालाश ही वेलीची भाकरी आहे आणि ती जमिनीतूनच द्यावी लागते. फवारा फार तर अडचणीच्या दिवसांतला आधार. मुळे चिबडली आहेत, जमीन थंड पडली आहे, अशा वेळचे ते सलाइन.

जस्त, बोरॉन, लोह, मॅंगनीज यांची गोष्ट मात्र उलटी. त्यांची गरजच एकरी ग्रॅममध्ये मोजायची. शिवाय आपल्याकडच्या चुनखडीच्या, जास्त सामूच्या जमिनीत जस्त आणि लोह असूनही अडकून पडतात, मुळांना मिळत नाहीत. तिथे पानावरचा फवारा हाच खरा उपचार ठरतो. आतड्यात बी-12 शोषले जात नसेल तर आम्ही गोळीऐवजी इंजेक्शन देतो, तसाच हा प्रकार.

आधी तपासणी, मग औषध

हिमोग्लोबिन कमी दिसले की लोहाच्या गोळ्या, अशी घाई पुष्कळदा होते. पण पेशंट थॅलेसेमियाचा वाहक असेल तर त्याच्या रक्तपेशी लहान दिसतात आणि लोह पुरेसे असते. गोळ्यांनी काही साधत नाही. पिवळ्या पानाचेही असेच आहे. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर संशय लोहाचा. हाच पिवळेपणा बुडख्याकडच्या जुन्या पानांत असेल तर मॅग्नेशियमचा. आणि मॅग्नेशियमची कमतरता कधी कधी पालाश जास्त झाल्यामुळेच येते. एक वाढले की दुसऱ्याचे शोषण मागे पडते. पाने बारीक आणि घडात मोठ्या मण्यांबरोबर बारके मणी राहत असतील तर जस्ताकडे बोट जाते. पण मुळे सडली असतील किंवा पाणी जास्त झाले असेल, तरी पान पिवळेच पडते. नुसत्या नजरेने निदान करणे धोक्याचे, वेलीतही आणि माणसातही.

वेलीची ‘रक्ततपासणी’ म्हणजे देठ परीक्षण. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर साधारण 45 दिवसांनी काडीवरच्या बुडाकडून पाचव्या पानाचा देठ घेतात, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा. प्रयोगशाळा त्यातली अन्नद्रव्ये मोजून देते. त्याला माती आणि पाण्याच्या अहवालाची जोड दिली की कशाचा फवारा हवा आणि कशाचा नको, हे कळते. पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तिथले शास्त्रज्ञ गेली कित्येक वर्षे हेच सांगत आले आहेत. तपासणीचा खर्च टॉनिकच्या एखाद्या महागड्या बाटलीपेक्षा जास्त नसतो.

बोरॉनच्या बाबतीत तर हे सोडूच नये. परागकणाची नलिका वाढून फळधारणा व्हायला बोरॉन लागते. पण कमतरता आणि विषबाधा यांमधले अंतर त्याच्या बाबतीत फार थोडे आहे. थोडे जास्त झाले की पानांच्या कडा जळतात. आमच्याकडे डिगॉक्सिन नावाचे हृदयाचे औषध आहे, त्याचे असेच असते. अंदाजाने वाढवायचे नाही.

वेळ चुकली की पैसे गेले

घड ऑक्टोबरनंतर दिसतो, पण ठरतो उन्हाळ्यात. खरड छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांत डोळ्याच्या आत सूक्ष्मघड तयार होतात. त्या वेळी वेल उपाशी राहिली तर हिवाळ्यात कितीही फवारा, घड वाढत नाहीत. जस्त-बोरॉनची खरी गरज फुलोऱ्याआधी. कॅल्शियमचे गणित आणखी वेगळे. ते पानातून फळाकडे जवळजवळ जातच नाही. मुळांकडून येणाऱ्या पाण्याबरोबर ते मण्यात शिरते, आणि मण्यात पाणी उतरले की तो प्रवाहही मंदावतो. म्हणून मण्याची साल टणक व्हावी, माल टिकावा, यासाठी कॅल्शियम फवारायचे ते मणी सेट झाल्यापासून पाणी उतरेपर्यंत, आणि थेट घडावर.

शेवटच्या टप्प्यात ‘गोडीसाठी’ म्हणून बाटल्या खपतात. गोडी बाटलीतून येत नाही, ती पानात तयार होते. एका घडाला पोसायला साधारण दहा ते पंधरा निरोगी पाने लागतात. पालाश ही साखर मण्यापर्यंत पोचवायला मदत करते, पण साखर तयार करत नाही. वेलीवर घड जास्त ठेवले आणि पाने रोगाने गेली, तर कोणताही फवारा ब्रिक्स वाढवून देणार नाही. लेकरे दहा आणि भाकरी चार, अशी ती अवस्था.

बाटलीत काय आहे?

‘टॉनिक’ हा शब्द शेतात आणि दवाखान्यात सारखाच निसरडा आहे. त्यात अन्नद्रव्ये असू शकतात, समुद्री शेवाळाचा अर्क असू शकतो, अमिनो आम्ले असू शकतात, संजीवकही असू शकते. 2021 मध्ये केंद्राने जैवउत्तेजकांना खत नियंत्रण आदेशाखाली आणले, ते याच गोंधळामुळे. घटक छापलेले नसलेली बाटली घेऊ नये. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाच्या अंशांमुळे आपल्या द्राक्षांची युरोपातली निर्यात अडकली होती. वेलीला जे पाजले ते कधी कधी मण्यापर्यंत जाते, हा धडा तेव्हा महागात पडला.

खाणाऱ्यांनी घाबरायचे कारण नाही. मण्यावरची पांढरट पावडर बहुतेक वेळा त्याचे स्वतःचे मेण असते. बोटाने पुसले की जाते. द्राक्षे वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावीत. मधुमेहींनी मात्र घडात साखर भरपूर असते हे विसरू नये.

एका ड्रमात सगळे

आता पुन्हा त्या तरुणाकडे. एका ड्रममध्ये सगळे ओतण्याने दोन नुकसाने होतात. पहिले वेलीचे: कॅल्शियम आणि फॉस्फेट किंवा सल्फेट एकत्र आले की साका बसतो, नोझल तुंबतो, आणि दोन्हींचे पैसे वाया जातात. दुसरे माणसाचे: पोषकद्रव्याच्या नावाखाली विष अंगावर येते. पानाच्या मेणथरातून झिरपणारे द्रावण आपल्या त्वचेतूनही शिरते. घामाने ओली, खरचटलेली त्वचा जास्त शोषते. जांघेतली तर कोपरापुढच्या हातापेक्षा कित्येक पटींनी. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरता कामा नये.

म्हणून घरोघरी एवढे पाळावे. ड्रममध्ये एक जरी कीटकनाशक असेल तर तो फवारा विषाचाच समजावा. हातमोजे, मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बूट घालावेत. वाऱ्याच्या दिशेला पाठ ठेवावी. मधे बिडी-तंबाखू नको. काम संपल्यावर साबणाने अंघोळ करावी आणि कपडे घरच्यांपासून वेगळे धुवावेत. घाम, लाळ, मळमळ, अंधुक दिसणे, छाती भरून येणे यांपैकी काही झाले तर कपडे काढून अंग साबणपाण्याने धुवावे आणि 108 ला फोन करावा. उलटी मुद्दाम काढू नये. सोबत बाटली किंवा पाकीट जरूर आणावे; लेबल वाचायला मिळाले तर उपचाराचा मौल्यवान वेळ वाचतो.

तो तरुण फेब्रुवारीत पुन्हा आला, आईचा बीपी तपासायला. खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. देठ परीक्षणाचा अहवाल होता. “जस्त कमी होतं, बोरॉन पुरेसं निघालं. दोन फवारे वाचले साहेब,” तो म्हणाला. मी त्याच्या हाताकडे पाहिले. मनगटावर हातमोज्याच्या रबराचा वळ होता.