देऊसकरांच्या वारशात आपलाही वाटा

मानवाकृती तैलरंगात जिवंत उभी करणाऱ्या मराठी चित्रकारांत गोपाळ दामोदर देऊसकर (१९११–१९९४) यांचे नाव पहिल्या रांगेतले. जन्म अहमदनगरचा, नावलौकिक पुण्या-मुंबईचा. पण त्यांच्या घडणीचा एक धागा नांदेड-लातूरशी जुळलेला आहे आणि आपल्याला त्याचा विसर पडला आहे.

आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्यावर चित्रकार काका रामकृष्ण देऊसकर यांनी त्यांना हैदराबादला वाढवले. तेव्हा नांदेड आणि लातूर दोन्ही निजामाच्या राज्यात होती. पुढे ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये दाखल झाले. तिथे प्राचार्य कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी १९१९ पासून जिवंत मॉडेलवरून रेखाटनाचा वर्ग सुरू केला होता. एरवी प्लास्टरच्या पुतळ्यांवर हात बसवणाऱ्या मुलांना कातडीखालचे हाड, स्नायूंचा ताण, उभ्या शरीराचा तोल या वर्गात कळू लागला. त्याच शिस्तीत तयार झालेले देऊसकर निजाम सरकारच्या शिष्यवृत्तीवर विलायतेला गेले. लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली. शिष्यवृत्ती देणाऱ्या त्या खजिन्यात मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचा शेतसाराही जमा होत होता.

१९४८ मध्ये मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य आले. १९६८ मध्ये पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर उघडले, तेव्हा देऊसकरांनी तिथे बालगंधर्वांची, म्हणजे स्त्रीभूमिका गाजवणारे गायक-नट नारायणराव राजहंस यांची, दोन भव्य तैलचित्रे साकारली: एक पुरुषवेशात, दुसरे स्त्रीभूमिकेत. माणूस एकच, पण मानेचा कल, खांद्यांची ठेवण आणि नजर बदलली की देहाचा सगळा स्वभाव बदलतो. चेहऱ्याचे साम्य राखून हे साधणे फार अवघड. जिवंत मॉडेलसमोर वर्षानुवर्षे बसल्याशिवाय ते हाताला येत नाही.

आज आपली मुले एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षा देऊन एटीडीला (कलाशिक्षक पदविकेला) किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयात जातात. मोबाइलवरचा फोटो बघून व्यक्तिचित्र काढण्याचा मोह मोठा आहे. फोटोत उजेड आधीच गोठलेला असतो. समोर बसलेल्या माणसाच्या गालावर तो दर घटकेला सरकतो आणि चित्रकाराला निवड करायला लावतो. म्हणून नांदेड-लातूरच्या प्रत्येक कलावर्गाने पुण्याची एक सहल या दोन चित्रांसाठी काढावी. परत आल्यावर गावातल्याच एखाद्या आजोबांना मानधन देऊन खिडकीच्या उजेडात बसवावे. देऊसकर ज्या शिस्तीतून घडले, ती सुरू करायला एवढे पुरते.