रेंज येईल तेव्हा येईल, सिंक लावून ठेवा

पाटोदा-धारूरकडच्या डोंगराळ शिवारात रेंज आली तर आली. १५ ऑगस्ट २०२१ला राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत म्हणूनच सोय आहे: बांधावर नेटशिवाय माहिती भरा, फोटो काढा, रेंजमध्ये आल्यावर अपलोड करा. हे अपलोड मात्र आपणच लक्षात ठेवायचं; सोयाबीनच्या गडबडीत नेमकं तेच राहतं!

बाकीचा डेटा फोनवर सोपवा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘चॅट्स’, मग ‘चॅट बॅकअप’. तिथे रोज, आठवड्याला की महिन्याला, ते निवडा. ऊसतोडीला निघण्याआधी हे लावलेलं बरं. फडात फोन कधी भिजेल, कधी फुटेल, नेम नाही.

लावूनही सिंक का होत नाही? अँड्रॉइड ६ पासून (२०१५) फोन चार्जिंगविना बराच वेळ पडून राहिला की ‘डोझ’मध्ये जातो आणि ॲपची साठलेली कामं मधूनमधून एकदम उरकतो. त्यामुळे वेळ मागेपुढे होणारच. शिवाय ॲपच्या ठरावीक वेळाने चालणाऱ्या कामांना अँड्रॉइड १५ मिनिटांपेक्षा कमी अंतर देत नाही. त्यात बॅटरी सेव्हर चालू असेल तर बघायलाच नको. आपल्याकडे लाईटचा भरवसा नसल्याने तो दिवसभर चालूच असतो, म्हणून गावात वायफाय मिळालं की तेवढा वेळ बंद करा.