शंकरपट आणि कासऱ्यावरचा हात

तुरीची सोंगणी उरकत आली, हरभऱ्याला घाटे धरले, की आपल्याकडे पारावर एकच विषय निघतो: यंदा पट कुठं कुठं भरणार? कोणाची जोडी पळणार, कोणी किती लाखाला बैल आणला, पहिलं बक्षीस काय. हे सगळं बोलतात पुरुष. पान, तंबाखू, चहा चालू असतो आणि बैलांना पाणी पाजायला घरातून बाईला हाक मारली जाते. म्हणून या वेळी पटावर आम्हीच बोलायचं ठरवलं.

ज्यांच्या माहेरी पट नव्हता त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. पश्चिम महाराष्ट्रात जिला बैलगाडा शर्यत म्हणतात, ती आपल्या विदर्भात शंकरपट. नंदी शंकराचा, म्हणून हे नाव, असं जुनी माणसं सांगतात. खरीप निघालं की बैलांचं काम हलकं होतं, हातात चार पैसे असतात, शेतं मोकळी झालेली असतात. अशा वेळी एखाद्या सपाट वावरातली ढेकळं फोडायची, दगड वेचायचे आणि लांब सरळ धावपट्टी करायची. हलका छकडा, त्याला दोन बैल आणि वर एकच माणूस, धुरकरी. कुठं दोन जोड्या शेजारीशेजारी सोडतात, तर कुठं एकेक जोडी सोडून घड्याळ लावतात आणि वेळ सेकंदाच्या अंशापर्यंत मोजतात. वर्षभराचा खुराक, मालीश, सराव, सगळ्याचा निकाल काही सेकंदांत. मागं उरतो तो धुरळा. बक्षीस पूर्वी भांडी, रोख रक्कम असं असायचं. आता बैल जिंकतो आणि मालकाला मोटारसायकल मिळते. याचं आम्हाला दर वेळी हसू येतं.

जुना पट म्हणजे नुसती शर्यत नव्हती. लेकी माहेरी यायच्या, पाहुण्यांनी घर भरायचं, धुऱ्यावर गोधडी टाकून बाया-पोरं बसायची, शेव-जिलेबीची दुकानं लागायची. पटाच्या निमित्तानं सोयरिकी जुळल्याची उदाहरणं तर प्रत्येक गावात सापडतील. पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडं, दिवसा पट आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक अशी जोडी आजही आहे. दिवसाच्या धुरळ्यापेक्षा रात्रीचं नाटकच आवडणाऱ्या आमच्यात पुष्कळ आहेत.

पण जोडी पळते ती कोणाच्या जिवावर? पटाच्या बैलाला नुसतं कुटार चालत नाही. सरकीची ढेप भिजवा, पीठ मळा, कोणी दूध-अंडी देतं तर तेही वेळेवर करा. शेण काढा, गोठा कोरडा ठेवा, दोन वेळा पाणी दाखवा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणीला हळद-लोणी आपणच काढून देतो, दुसऱ्या दिवशी पाय धुऊन पुरणपोळीचा घास आपणच भरवतो. बैल आपला आवाज ओळखतो. गोठ्यात आपण शिरलो की मान वर करतो. आणि तोच बैल छकड्याला जुंपला की कासरा आपल्या हाती नसतो. का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: बाईमाणसाला बैल आवरत नाहीत.

हेच उत्तर एकदा इंग्लंडात मोटारसायकलीबाबत दिलं गेलं होतं. ती गोष्ट आम्हाला इतकी आपल्यासारखी वाटली, की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तिथं मोटारसायकलीची एक शर्यत आहे, स्पीडवे नावाची. ती डांबरावर नाही, मातीच्या गोल मैदानावर होते. एका वेळी चार स्वार, चार फेऱ्या. गाडीला ब्रेक नसतो! वळणावर स्वार डावा पाय जमिनीला टेकवतो, बुटाखाली लोखंडी पत्रा लावलेला असतो आणि मागचं चाक मुद्दाम घसरवत तो वळण घेतो. खेळ मूळचा ऑस्ट्रेलियातला. इंग्लंडातली पहिली शर्यत म्हणून बहुतेक जण १९ फेब्रुवारी १९२८ ची, लंडनजवळच्या एपिंगच्या जंगलातल्या हाय बीच इथली शर्यत सांगतात. आयोजकांचा अंदाज थोड्या लोकांचा होता, लोटली हजारोंची गर्दी. मग गावोगाव मैदानं झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर तर कामगारवस्तीतली आख्खी कुटुंबं आठवड्याला स्पीडवे बघायला जायची, गळ्यात आपापल्या संघाच्या रंगाचे मफलर घालून. आता त्यांतली कितीतरी मैदानं विकली गेली, तिथं घरं उभी राहिली. आपल्याकडं पटाच्या वावरात लेआऊट पडतं, तसंच.

सुरुवातीच्या त्या दोन वर्षांत या धुरळ्यात बायाही होत्या. फे टेलर ही आयर्लंडची, १९०४ सालची. १९२८ मध्ये ती या खेळात आली आणि पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या मैदानावर तिनं नावाजलेल्या पुरुष स्वारांना हरवलं. यॉर्कशायरची ईव्हा अ‍ॅस्क्विथही तेव्हा गाजत होती. लोक तिकीट काढून त्यांना बघायला यायचे. मग १९३० मध्ये एका बाईच्या पडण्याचं निमित्त झालं आणि इंग्लंडातल्या स्पीडवेतून बायांना बंदी घातली गेली. पुरुष तर रोज पडत होते, हातपाय मोडून घेत होते, काही जिवानिशी गेले. त्यांच्या पडण्यानं खेळ बंद झाला नाही. फे टेलर गप्प बसली नाही, ती मोटारींच्या शर्यतीकडं वळली आणि तिथंही जिंकली. तिचं सगळंच कौतुक आम्ही करणार नाही. पुढं ती फॅसिस्ट विचारांच्या लोकांत मिसळली आणि युद्धकाळात इंग्रज सरकारनं तिला स्थानबद्ध केलं. पण गाडी तिला आवरत होती, हे मैदानानं आधीच दाखवून दिलं होतं.

आपल्या पटावरची बंदी वेगळ्या कारणानं आली, आणि ते कारण खोटं नव्हतं. शेपटी पिरगाळणं, तुतारीचा खिळा टोचणं, दारू पाजणं, विजेचा झटका देणं, हे प्रकार होत होते. पोटच्या पोरासारखा वाढवलेला बैल पुठ्ठ्यावर रक्त घेऊन घरी आला, की हळद लावायलाही बाईच लागते. २०११ मध्ये केंद्र सरकारनं बैलाचा समावेश खेळासाठी वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांत केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टूबरोबर आपल्या बैलगाडी शर्यतीही बंद केल्या. राज्यानं २०१७ मध्ये कायदा बदलला, पण उच्च न्यायालयात तो अडला. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं अटी घालून परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला.

मधल्या सात-आठ वर्षांत बैल विकले गेले, ट्रॅक्टर आले. बंदी उठली म्हणून गोठे पुन्हा भरले नाहीत. आता पटाचा बैल हा शेतीचा बैल राहिलेला नाही. त्याची किंमत लाखांत जाते आणि तो नांगराला जुंपला जात नाही. इथं आमचं म्हणणं जरा कडू आहे: अशी जोडी घ्यायची तर पैसा कुठून येणार, हे घरच्या बाईला विचारल्याशिवाय ठरू नये. बचत गटाचं कर्ज काढायला सही तिची लागते, मग बैल निवडताना तिला का विचारत नाहीत?

गावात पट भरवायचा घाट असेल तर काही गोष्टी ग्रामसभेत नक्की विचारा. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आहे का? बैलांची तपासणी पशुवैद्यकीय डॉक्टर करणार का? धावपट्टीवर दगड किंवा चढ तर नाही ना? धुरकऱ्याच्या हाती काठी, चाबूक, तुतारी असं काहीही चालत नाही. जनावराला इजा केली तर पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि प्रेक्षकांसाठी दोन्ही बाजूंनी कठडा हवाच. जोडी बुजली की ती आधी गर्दीत शिरते, आणि धुऱ्यावर पोरं घेऊन आपणच बसलेल्या असतो.

कासऱ्याचं उत्तर मात्र आपल्याच विभागात मिळालेलं आहे. अमरावती जिल्ह्यात, धामणगाव रेल्वे तालुक्यात तळेगाव दशासर नावाचं गाव आहे. तिथला कृषक सुधार मंडळाचा शंकरपट जुना आणि नावाजलेला. त्या पटात महिलांचा वेगळा शंकरपट होतो. लुगड्याचा, साडीचा पदर खोचून बाया छकड्यावर चढतात, कासरा हाती घेतात आणि जोडी सोडतात. बघायला लांबून लांबून माणसं येतात. बैल पळतात, आवरतात आणि धावपट्टीच्या टोकाला थांबतातही.

आपल्या वाशीम जिल्ह्यात पटाची हौस काही कमी नाही. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा, कुठल्याही तालुक्यात तुमच्या गावी बायांनी जोडी हाकल्याची आठवण असेल, आजीच्या तोंडून ऐकलेली असली तरी चालेल, ती आम्हाला कळवा. शर्यत नसेना, कापूस भरलेली बंडी बाजारात नेलेली असली तरी सांगा. पुढच्या भागात खांदशेकणीबद्दल बोलू. हळद किती घ्यायची आणि लोणी नसेल तर काय करायचं, हेही त्यात येईल.